वाशाला टांगलेली वॉरंटी

माझ्या नोकरीचं नाव लांबलचक होतं, पण काम एका शब्दाचं होतं. तो शब्द म्हणजे 'नाही'. अलिबागला एका मोटार कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मी वॉरंटीच्या टेबलावर बसत असे. काउंटरवरच्या मुली गिऱ्हाइकाला गोड बोलून चहा पाजायच्या आणि कडू बोलायची वेळ आली की सांगायच्या, "तुम्ही जरा आतल्या मॅडमना भेटा." आतल्या मॅडम म्हणजे मी. बाजारात मेथी निवडत असले तरी लोक एकमेकांना कोपरानं ढोसायचे, "ह्याच बघ त्या, माझा क्लच नाकारलेल्या." एकदा तर मेथीवालीनंच मला विचारलं, तिच्या दिराचा एसी वॉरंटीत का बसत नाही. मी तिथंही नाही म्हणाले, आणि जुडी महाग पडली.

आता निवृत्त झाले आहे. दुपारी झोपते आणि नवऱ्याचा अपवाद सोडला तर कुणाला नाही म्हणत नाही. पण कुणाच्या घरासमोर एखादा माणूस गाडीचं बॉनेट उघडून आत तेल ओतताना दिसला की माझे पाय आपोआप थांबतात. 'अहो, डबा कुठला आहे? बिल आहे का?' हे प्रश्न जिभेवर येतात. सवय हो, दुसरं काय!

बाहेरच्या माणसाला वॉरंटी म्हणजे कंपनीनं दिलेलं वरदान वाटतं. तसं ते नसतं. ते एक साधं वचन असतं: आमच्या बनावटीत खोट निघाली तर आम्ही भरून देऊ, तुमच्या हातून बिघडलं तर तुम्ही निस्तरा. सगळं भांडण असतं ते खोट कुणाची ह्यावर. आणि मालकानं स्वतः तेलपाणी बदललं असेल तर हे भांडण फारच रंगतं. आमच्या कंपनीत मोठ्या सर्व्हिस आमच्याकडेच करायच्या, मधलं इंजिनाचं तेल आणि इंजिन थंड ठेवणारं कूलंट मालकानं घरी बदललेलं चालत असे. अट एवढीच, की पुस्तिकेत लिहिलेलंच तेल हवं, वेळेवर बदललेलं हवं आणि दोन्ही गोष्टी दाखवता आल्या पाहिजेत. निम्म्या लोकांना वाटे की घरी बोल्ट सैल केला की वॉरंटी मेली. उरलेल्या निम्म्यांना वाटे की काहीही ओता, वॉरंटी अमर आहे. दोघंही चूक, पण दोघांचाही आवाज मोठा.

त्यात आमचा किनारा. इथं घरोघरी पंप, होडीची इंजिनं, जुन्या स्कूटरी असतात आणि माणसं त्या स्वतःच उघडतात. मध्ये खाडी, रस्ता वळणावळणाचा, सर्व्हिस सेंटर लांब. मग नव्या गाडीत हात घालायला कोण घाबरतो?

दिवेआगरचे एक वाडीवाले भाऊ होते. चक्रीवादळात निम्म्या माडांची वाताहत झालेली, त्यातून हिमतीनं उभे राहिलेले गृहस्थ. एक दिवस त्यांची गाडी आली आणि आमच्या वर्कशॉपभर चिक्कीचा वास सुटला. खोटं नाही सांगत, गुळाची चिक्की कढईत लागल्यावर येतो तसा करपट गोड वास. आमचे फोरमन सलीमभाई नाक वर करून चार गाड्यांपाशी फिरले आणि भाऊंच्या गाडीशी थांबले.

"भाऊ, रेडिएटरमंदी काय टाकला?"

भाऊंनी जराही न लाजता सांगितलं, "शहाळ्याचं पाणी. घाटात गाडी उकळली. जवळ पाणी नव्हतं, डिकीत शहाळी होती. अहो, सलाइनच्या ठिकाणी चालतं म्हणतात, मग गाडीला नाही चालणार?"

सलीमभाई हसून हसून टायरवर बसले. मी मात्र माझ्या खुर्चीच्या इभ्रतीला जागून नाही म्हणाले. साखर जळून आत चिकटली होती आणि ती काही कंपनीनं भरलेली नव्हती. भाऊंनी एका शब्दानं वाद घातला नाही. गाडी धुऊन घेतली, आणि पुढच्या खेपेला माझ्यासाठी शहाळी आणली. वर म्हणाले, "ही प्यायची आहेत हं, कूलंट नव्हे." नकार असा घ्यावा. जवळ पाणी नसेल आणि गाडीचा जीव वाचवायचा असेल तर गाडी थंड होऊ द्यावी, साधं पाणी मागून घ्यावं, आणि मग आम्हाला येऊन सांगावं. आम्ही काय वाघ आहोत?

पण मला सांगायची आहे ती गोमतीबाईंची गोष्ट.

दिघीच्या बाजूला खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात राहणाऱ्या गोमतीबाई आयुष्यभर मासळी विकत आल्या आणि पन्नाशीच्या आसपास गाडी चालवायला शिकल्या. पिवळ्या पाटीची आठ माणसांची गाडी घेतली. धक्क्यावर उतरलेले पाहुणे दिवेआगरला, श्रीवर्धनला न्यायच्या. अंबाड्यात अबोलीचा वळेसर, गळ्यात ठसठशीत सोनं आणि हातात स्टिअरिंग. गाडीत सुक्या बोंबलाचं एक शेपूटसुद्धा त्या येऊ देत नसत. "मावरा डोक्यावरशी नेन, पन गारीत नाय. पावना नाक धरतो," असं त्या म्हणायच्या. त्यांचे यजमान हिराजी नाखवा. नाखवा म्हणजे होडीचा मालक. त्यांची एक इंजिनाची लाकडी होडी होती, आणि होडीच्या इंजिनाइतक्याच मायेनं ते बायकोची गाडी सांभाळायचे. तेल स्वतः बदलायचे, कारण आमच्याकडे यायचं तर फेरीबोटीनं खाडी ओलांडून पूर्ण दिवस मोडायचा, आणि तेवढ्यात गोमतीबाईंच्या फेऱ्या बुडायच्या.

श्रावण तोंडावर आला होता. होड्या अजून वर ओढलेल्या, नारळी पौर्णिमेची वाट बघत. अशात एके दिवशी गोमतीबाईंची गाडी टोइंगच्या गाडीमागून आमच्या फाटकात शिरली. बोर्लीच्या चढावर तेलाचा लाल दिवा लागला होता आणि इंजिनातून खडखड आवाज आला होता. टोइंगची गाडी खाडीच्या अलीकडेच मिळणार होती, म्हणून फेरीबोटीवर ती गाडी चक्क प्रवाशांनी ढकलून चढवली होती. गोमतीबाई स्टिअरिंगवर बसून हुकूम देत होत्या आणि मुंबईचे पाहुणे घामाघूम होऊन ढकलत होते. हे सगळं त्यांनी मला अगदी रंगवून सांगितलं. मग एकदम माझ्याकडे वळल्या.

"मॅडम, दिवा लागला तशी मी गारी बंद केली. एक पाऊल पुढं नेली नाय. माझी चूक हाय का?"

"नाही," मी म्हणाले. तेव्हा हा शब्द उच्चारताना मला बरं वाटलं.

इंजिन उघडलं. आतली बेअरिंगं घासून गेली होती. तेलाचा दाब कमी पडला की असं होतं. आता दाब का कमी पडला? तेलाचा पंप मुळात सदोष असेल तर खोट कंपनीची. तेल भलतंच असेल किंवा बदललंच नसेल, तर खोट मालकाची. सलीमभाईंनी काढलेलं तेल बाटलीत धरून मला दाखवलं. ते मधासारखं स्वच्छ होतं.

वाचकहो, तुम्हाला वाटेल, मग चांगलंच की! आमच्या धंद्यात मात्र बिघडलेल्या इंजिनात स्वच्छ तेल सापडणं म्हणजे पाटावर बसलेल्या मांजराच्या मिशीला दूध सापडणं. लोक वर्ष वर्ष तेल बदलत नाहीत, इंजिन वाजायला लागलं की घाईनं नवं तेल घालतात आणि भोळ्या चेहऱ्यानं आमच्याकडे येतात. अशा किती भोळ्यांना मी परत पाठवलं असेल.

"तेल कधी बदललंत?" मी हिराजी नाखव्यांना विचारलं.

"गेल्या आठवड्यात. टाइम झालेला."

"नेमकं गेल्याच आठवड्यात?"

"मंग? टाइम झाल्यावर नाय बदलनार तं कवा बदलनार?" त्यांना माझ्या प्रश्नातली खोचही कळली नाही. खिशातून त्यांनी तेलाची आणि फिल्टरची बिलं काढून दिली. सगळी होती, सगळी ठरलेल्या तेलाची. पण बिलावरून तेल विकत घेतलं एवढंच कळतं, ते कुठं ओतलं ते कळत नाही. माझ्या नियमांनी मला हेच शिकवलं होतं.

गोमतीबाई सगळं ऐकत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "नवा इंजिन आमच्या पैशान घ्यायचा झाला तं होरी जाईल, मॅडम. मुरुडचा एक गिऱ्हाइक बोलून गेलाय. आज-उद्या बघाया येल." होरी म्हणजे होडी. नाखवा खिडकीबाहेर बघत राहिले. होडी गेली तर नाखवा म्हणायचं तरी कुणाला?

ह्या वेळी मी नाही म्हणाले नाही. पुण्याच्या कार्यालयातून तपासणीस बोलावला. हे देसाई साहेब. शिस्तीचा माणूस, शुद्ध शाकाहारी, आणि पावसाळ्यात अखंड शिंकणारा. त्यांनी पंप उघडून पाहिला. आतली एक झडप अडकल्यासारखी वाटत होती. "पंपात खोट असू शकते," ते म्हणाले, "पण घाणेरड्या तेलाच्या गाळानंही झडप अडकते. आधी इंजिनात कोणतं तेल होतं ते मला कळलं पाहिजे. जुनं तेल कुठे आहे?"

मी लगेच नाखव्यांना फोन लावला. आमच्या किनाऱ्यावर जळकं तेल कुणी टाकत नाही हे मला माहीत होतं. होडीच्या फळ्यांना ते चोपडतात, लाकूड टिकतं. होड्या अजून वरच होत्या, म्हणजे डबा भरलेलाच असणार.

"हाय ना," नाखवा म्हणाले, "गारीच्या तेलाचा डबा येगला ठेवतंय मी. पडवीत हाय."

मला खुर्चीत उडी मारावीशी वाटली. दुसऱ्या दिवशी मी, देसाई साहेब आणि सलीमभाई आगरदांड्याहून फेरीबोटीत बसलो. साहेबांनी नाकाला रुमाल लावलेला. सलीमभाई त्यांना मुद्दाम सांगत होते, कुठल्या घरात कोणती मासळी सुकते, आणि साहेब रुमाल आणखी घट्ट दाबत होते. मला आपली सहल निघाल्यासारखी वाटत होती.

कोळीवाड्यात पोचलो तर नाखव्यांची होडी वाळूवर नुसती चमकत होती. काळीभोर, ओली, नव्या नवरीसारखी. आणि पडवीत तो डबा पालथा.

नाखवा काल आमच्या फोननंतर घरात काही न सांगताच बाजारात गेले होते. इकडे गोमतीबाईंना निरोप आला की मुरुडचं गिऱ्हाईक सकाळीच होडी बघायला येतंय. विकायचीच आहे तर चांगली दिसू दे, म्हणून त्यांनी जावांना हाताशी घेतलं आणि डब्यातलं सगळं तेल होडीला चोपडून टाकलं. आतून, बाहेरून, थेंबन् थेंब. होडी वाचवायचं तेल होडी विकण्यासाठी होडीलाच लागलं होतं.

कळल्यावर गोमतीबाई पालथ्या डब्यापाशी बसल्या. "माझ्याच हातान गो..." एवढंच त्या म्हणाल्या. नाखवा त्यांच्यावर ओरडतील असं मला वाटलं. पण ते शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "जाऊ दे. चोपरलीस मातर झकास." मला तिथं रडूच आलं. वॉरंटीच्या टेबलावर मी कधी रडले नव्हते.

सलीमभाई होडीवर बोट फिरवून बोट हुंगत होते. पण फळ्यांवर जुन्या तेलाचे, माशाच्या तेलाचे थर. त्यातून आता गाडीचं तेल वेगळं कोण काढणार? देसाई साहेब पडवीत उभे होते. शिंक आली म्हणून त्यांनी मान वर केली आणि तशीच वर ठेवली.

"नाखवा, हे वर काय टांगलंय?"

वाशाला एक जाड तार होती आणि तारेला ओळीनं पत्र्याचे लहान डबे लोंबत होते, तोंडं वर, प्रत्येकाच्या तोंडात लाकडाचा गुट्टा ठोकलेला. शेजारी बोंबील वाळत होते.

"ते व्हय? जुनं फिल्टर. गारीचं."

इंजिनाचं तेल गाळणारा फिल्टर म्हणजे पत्र्याचा डबा, आत घड्यांचा कागद. तेल बदललं की तोही बदलतात आणि जुना फेकतात. सगळी दुनिया फेकते.

"ठेवलेत कशाला?" साहेबांनी विचारलं.

नाखव्यांना हा प्रश्नच विचित्र वाटला. "समुद्रात नवा फिल्टर फुटला तं काय करनार? जुना लावून किनारा गाठायचा. नवा पास होईस्तवर जुना टाकायचा नाय. आमच्या बोटीवर तसाच असतंय, म्हनून गारीचा पन तसाच. मंग पास झाला तरी टाकवत नाय."

"आणि हे गुट्टे?"

"आतला तेल सांडू नये म्हनून. तेल असला का खाऱ्या वाऱ्यान गंज नाय धरत."

सलीमभाईंनी "या अल्ला!" म्हणून अशी आरोळी ठोकली की बाहेरची कोंबडी उडाली. आतलं तेल! प्रत्येक डब्यात त्या त्या वेळचं जुनं तेल, गुट्टा मारून, जसंच्या तसं. डब्यांवर कंपनीचा शिक्का, खाली कारखान्याचे आकडे, आणि ते बिलांशी जुळणारे. देसाई साहेबांनी रुमाल खिशात टाकला आणि बोंबलांच्या ओळीखालून वाकून स्वतः तार सोडायला लागले. माणूस कामात शिरला की नाक विसरतो, हे मी तेव्हा पाहिलं.

एकेक फिल्टर कापून आतला कागद उन्हात धरला. सुरुवातीचे सगळे स्वच्छ, गाळाचा मागमूस नाही. फक्त शेवटच्या फिल्टरच्या घड्यांत चांदीच्या वर्खासारखी बारीक चमक होती. साहेब माझ्याकडे वळले आणि वर्गात उत्तर सापडलेल्या मुलासारखे हसले.

"बघितलंत? हा बेअरिंगचा चुरा. म्हणजे झीज हे जुनं तेल असतानाच सुरू झाली होती. गाळ नाही, तरी दाब कमी पडला. आता एवढंच बघायचं, की तेल ठरलेलंच होतं का."

तेलाचे नमुने तपासायला गेले. ते दिवस मला फार जड गेले. मी टेबलावर बसून दुसऱ्यांना नाही म्हणत होते, पण लक्ष फोनकडे होतं. अखेर अहवाल आला: सगळं तेल ठरलेलंच. पंपाची झडप मुळातच खडबडीत निघाली, खोट आमच्या घरची. नवं इंजिन मंजूर.

मी फोन केला तेव्हा गोमतीबाई धक्क्यावर होत्या. मी म्हणाले, "मंजूर झालं. होडी विकू नका." पलीकडे एकदम चारपाच बायकांचा कल्ला ऐकू आला आणि त्यात गोमतीबाईंचा आवाज, "अगो, त्या मुरुडवाल्याला सांगा, होरी नाय भेटनार!" मी फोन ठेवला आणि काउंटरवरच्या मुलींना पेढे मागवायला सांगितले. त्यांना वाटलं, माझी बदली झाली.

नारळी पौर्णिमेला आम्ही तिघंही गेलो. होडी पाण्यात गेली तेव्हा साहेबांनीही नारळ सोडला आणि प्रसादाची नारळाची करंजी दोनदा मागून घेतली. नाखवा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, एक मागनं हाय. तो जुना इंजिन मना द्या. नवा पास होईस्तवर." वॉरंटीत बदललेला जुना भाग कंपनीला परत पाठवावा लागतो. तेव्हा मी त्यांना नाही म्हणाले, आणि आम्ही दोघंही मनमुराद हसलो.

तेव्हापासून घरी तेल बदलणाऱ्या प्रत्येकाला मी सांगू लागले: बिल ठेवा, डब्याचा आणि किलोमीटरच्या काट्याचा मोबाइलवर फोटो काढा, जुन्या तेलाची लहान बाटली भरून ठेवा, आणि नाखव्यांसारखा फिल्टर टांगा. लोक हसत आणि मग टांगत. आमच्या तालुक्यात कितीतरी वाशांना आज फिल्टर लोंबत असतील, आणि पाहुण्यांना वाटत असेल की दृष्ट लागू नये म्हणून लावलेत.

मी निवृत्त झाले त्या दिवशी छोटा समारंभ होता. माझ्या जागी आलेली नवी मुलगी शेजारीच बसली होती, हुशार, जरा बावरलेली. मॅनेजर साहेबांनी भाषण केलं, शाल दिली आणि आता मॅडमनी निवांत आराम करावा असं सांगितलं. टाळ्या वाजत असतानाच मागून हिराजी नाखवा उभे राहिले. पांढरा सदरा, बाजूला गोमतीबाई, अंबाड्यात वळेसर. त्यांना भाषण करायची सवय नव्हती. ते मॅनेजरांकडे बघून म्हणाले, "साहेब, नवीन बाय चांगली असंल. पन ती पास होईस्तवर आमची जुनी टाकायची नाय."

सगळं सर्व्हिस सेंटर हसलं. मीही हसले, आणि शालीनं डोळे पुसले.

त्या मुलीचा अजून फोन येतो. परवाच विचारत होती, "मॅडम, एकानं ब्रेकच्या तेलात खोबरेल घातलंय, काय सांगू?" मी उशी सारली, उठून बसले आणि म्हणाले, "आधी त्याला चहा दे. मग नाही म्हण."